उपहासाच्या कादंबरीत हसायचं कुणाला?

बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांचा हा प्रश्न आहे. ते आपल्या भागातल्या एका शिक्षण संस्थेवर कादंबरी लिहितायत. दीडशे पानं झालीत. मित्रांना वाचायला दिली तर निम्मे म्हणाले, ‘नुसत्या शिव्या आहेत.’ उरलेले म्हणाले, ‘नक्कल झकास उतरलीय, पण पुढं काय?’ म्हणून ते विचारतात: १९४५ ते १९७०च्या दरम्यान समाजाचा उपहास करणाऱ्या एवढ्या कादंबऱ्या आल्या, त्यांनी हे कसं जमवलं? त्यातल्या कोणत्या वाचाव्यात? आपल्या मराठवाड्यात असं लेखन का झालं नाही? आणि शेवटी, जरा दबकतच, गावात लोक ओळखतील त्याचं काय करू? सोबत पहिली तीन प्रकरणं पाठवलीत.

प्रकरणं वाचली. सर, तुमचा कान तिखट आहे. संस्थेच्या कार्यालयात शिपाई कुणाशी कसा बोलतो, अध्यक्षांचा ड्रायव्हर मुख्याध्यापकांना ‘बसा’ म्हणायचं की नाही हे कशावरून ठरवतो, हे तुम्ही बरोबर पकडलंय. अडचण दोन ठिकाणी आहे. संस्थेच्या अध्यक्षाला, तुमच्या नानासाहेबांना, तुम्ही पहिल्याच पानावर फासावर चढवलंय. आणि तुमचा निवेदक फार स्वच्छ आहे. दोन्हींवरचा इलाज त्या जुन्या कादंबऱ्यांत आहे, म्हणून आधी तिकडं जाऊ.

माणसांच्या खोडींची टिंगल फार जुनी. कंजूष सावकार, भोंदू बुवा, बोहल्यावर चढलेला म्हातारा, ही गिऱ्हाइकं नाटकांनी आणि तमाशांनी पिढ्यान्‌पिढ्या पुरवून खाल्ली. दुसऱ्या महायुद्धानंतर गिऱ्हाईक बदललं. देश स्वतंत्र झाले, सरकारं लोककल्याणाची भाषा बोलू लागली आणि जिथं तिथं चांगल्या हेतूच्या पाट्या लागल्या: सहकारी सोसायटी, पंचायत, कॉलेज, शेतकऱ्यांची बँक, नवं विद्यापीठ. प्रत्येक पाटीखाली एक घटना, एक कार्यकारिणी, एक इतिवृत्ताची वही. लबाडालाही आता उघड लबाड राहून चालेना. त्याला लोकशाही, सेवा, त्याग, ग्रामोद्धार याच शब्दांत बोलणं भाग पडलं. लेखकाला यापेक्षा जास्त काय हवं? वाढवून सांगायची गरजच उरली नाही. पाटीवर काय लिहिलंय आणि पाटीखाली काय चाललंय, हे एकाच वाक्यात शेजारी शेजारी ठेवलं की झालं.

हे सगळ्यात चांगलं कुणी केलं असं विचाराल, तर माझं मत ठरलेलं आहे: श्रीलाल शुक्ल यांची ‘राग दरबारी’. १९६८ला आली, १९६९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शुक्ल स्वतः उत्तर प्रदेश सरकारच्या सेवेत अधिकारी होते, म्हणजे ज्या दफ्तराची खिल्ली उडवली त्याच दफ्तरात रोज सही करणारा माणूस. शिवपालगंज नावाचं गाव, तिथं वैद्यजी नावाचे पुढारी, त्यांच्या हातात इंटर कॉलेज (म्हणजे बारावीपर्यंतची शाळा), सहकारी युनियन आणि हळूहळू पंचायतही. वैद्यजींचा आवाज कधी चढत नाही. ते शुद्ध, संस्कृतप्रचुर बोलतात. युनियनमध्ये धान्याचा अपहार होतो तेव्हा त्यांना धक्का बसत नाही, हायसं वाटतं. त्यांचं म्हणणं असं की, आतापर्यंत आपल्याकडं अपहार झालाच नव्हता म्हणून लोक संशयानं बघायचे. आता झालाय आणि आपण तो लपवलेला नाही, म्हणजे आपण सचोटीची माणसं ठरलो. यात एक तरी शिवी आहे का बघा. लेखकानं वैद्यजींना ‘ढोंगी’ म्हटलेलं नाही. त्यानं त्यांना बोलू दिलंय, तेही त्यांच्या सगळ्यात चांगल्या भाषेत.

त्याच कादंबरीतला लंगड मात्र सावकाश वाचा, दोनदा वाचा. एका पायानं अधू असलेला साधा माणूस. त्याला जुन्या खटल्याच्या निकालाची नक्कल हवीय. तहसिलीतला नक्कलनवीस पाच रुपये मागतो. लंगड म्हणतो, दर दोन रुपयांचा आहे. यावरून वाजतं. लंगड शपथ घेतो की, आता एक पैसाही देणार नाही, कायद्यानंच नक्कल घेईन. आणि कारकूनही शपथ घेतो की, आता एक पैसाही घेणार नाही, कायद्यानंच देईन! इथून पुढं दोघंही सत्याची लढाई लढतात. अर्जात एक चूक निघते, ती दुरुस्त होते, दुसरी निघते. लंगड आजारी पडून गावी जातो, नेमकी तेव्हाच नक्कल तयार होते, सूचना फलकावर लागते, मुदतीत कुणी न्यायला येत नाही, आणि नियमाप्रमाणे ती फाडून टाकली जाते. सगळं नियमाप्रमाणे.

कमी दर्जाच्या लेखकानं काय केलं असतं? कारकुनाला पान खाणारा, खेकसणारा राक्षस केला असता आणि लंगडला गरीब गाय. शुक्लांनी कारकुनाला तत्त्वनिष्ठ केलं. दोघांकडं तत्त्व आलं आणि माणूस चिरडला गेला. लंगडचा सुरुवातीचा आक्षेप लाच घेण्याला नाही, दराला आहे, हेही विसरू नका. तोही त्या व्यवस्थेतलाच आहे. हा उतारा मी वर्गात माझ्या मराठीत सांगायचो तेव्हा औसा, रेणापूरकडच्या पोरांना समजावून सांगावं लागायचं नाही. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, रेट वाढलाय आता.’ फेरफाराची नोंद ओढायला किंवा १९५४-५५चं खासरा पाहणी पत्रक काढायला ज्याचा बाप तहसिलीत हेलपाटे घालून आलाय, त्याला टीपा लागत नाहीत. शहरातल्या काही मंडळींना मात्र हा भाग अतिशयोक्त वाटतो. वाटू द्या.

आता तुमच्या निवेदकाकडं येतो, कारण माझं मुख्य म्हणणं इथंच आहे. ‘राग दरबारी’त सगळं बघणारा जो आहे तो रंगनाथ. इतिहासात एम.ए. झालेला, शहरातून मामाकडं तब्येत सुधारायला आलेला. त्याला सगळं दिसतं, सगळं कळतं, त्याला किळसही येते. आणि तो काय करतो? मामाच्या घरचं दूध पितो, व्यायाम करतो आणि अस्वस्थ होतो. शेवटी कॉलेजातल्या खन्ना मास्तरला दमदाटी करून घालवतात आणि त्याची रिकामी जागा प्राचार्य रंगनाथलाच देऊ करतात. रंगनाथ चिडून नकार देतो. तेव्हा प्राचार्य जे सुनावतात त्याचा अर्थ असा: जाशील तिथं तू कुणा ना कुणा खन्नाच्याच जागेवर बसशील. अख्ख्या कादंबरीत गुंडगिरी करणारा माणूस खरं बोलतो, आणि ते खरं आपल्याला, म्हणजे सुशिक्षित वाचकाला, टोचतं. आतापर्यंत आपण रंगनाथच्या खांद्यावर बसून गावाला हसत होतो. तो खांदाच लेखकानं काढून घेतला.

तुमचा निवेदक शिक्षक आहे, प्रामाणिक आहे, वाचन करतो, रात्री गच्चीवर बसून समाजाची काळजी करतो. ठीक. पण याला ही नोकरी लागली कशी, हे पाठवलेल्या तीन प्रकरणांत कुठंही नाही. आपल्या भागात असा एक वाचक नसेल ज्याला हा प्रश्न दहाव्या पानावर पडणार नाही. जमीन विकली का? सासऱ्यानं भरले का? ‘स्वेच्छा देणगी’ची पावती कुठल्या नावानं फाटली? विनाअनुदानितवर किती वर्षं बिनपगारी काढली, मग वीस टक्के अनुदान आलं तेव्हा पेढे कुणाला नेऊन दिले? ते पेढे घेऊन नानासाहेबांच्या वाड्याच्या पायऱ्या चढणारा तुमचा निवेदक मला हवाय. तो प्रसंग तुम्ही लिहिलात की कादंबरी एका झटक्यात दुप्पट खोल जाईल, कारण मग तो ज्याला हसतोय त्याच्याच ताटात जेवलेला असेल. उपहासाच्या कादंबरीत बघणारा कोरडा राहिला की ती कीर्तन होते. तो भिजला पाहिजे.

आणि नानासाहेब. तुमचं वाक्य असं: ‘नानासाहेब हा पक्का लबाड, ढोंगी माणूस. शिक्षणाच्या पवित्र क्षेत्राचा त्याने बाजार मांडला होता.’ हे वाक्य गावातली सगळी माणसं सगळ्या अध्यक्षांबद्दल बोलतात. त्यातून नानासाहेब दिसत नाहीत. मी कच्चं काहीतरी करून दाखवतो, तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं कराल:

‘भाच्याच्या नेमणुकीचा विषय निघाला तसे नानासाहेब उठले. म्हणाले, नात्याचा विषय आहे, मी थांबणं नैतिकदृष्ट्या बरोबर नाही. ते बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. खिडकी उघडीच होती. सूचक कोण, अनुमोदक कोण, हे त्यांनी तिथूनच हात करून दाखवलं. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. मग आत येऊन त्यांनी सभेचे आभार मानले आणि भाच्याला बजावलं की पहिल्या महिन्याचा पगार संस्थेला द्यायचा. आपल्या घरातून सुरुवात झाली पाहिजे.’

बघा, यात नानासाहेबांना स्वतःचा खरोखर अभिमान वाटतोय. तोच खेळ आहे. आपण लबाडी करतोय असं ज्याला वाटतं त्याच्यावर उपहास फारसा चालत नाही, तो खलनायक होतो. आपण त्याग करतोय असं ज्याला मनापासून वाटतं तो तुमचा माणूस. आणि साहित्य तुमच्या हाताशी पडलंय. संस्थेची जुनी इतिवृत्तं मिळाली तर वाचा. ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या एका ओळीखाली मराठवाड्याच्या शिक्षणाचा निम्मा इतिहास दडलाय. गणसंख्येअभावी तहकूब झालेली आणि अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी, गणसंख्येची अट नसलेली सभा. गैरहजर सभासदांच्या मागाहून घेतलेल्या सह्या. यातलं काही रचावं लागत नाही.

यानंतर वाचा आर. के. नारायण यांची १९५२ची ‘द फायनान्शियल एक्स्पर्ट’. इंग्रजी जमत नसेल तर कुणाकडून तरी ऐका, पण चुकवू नका. मालगुडीत शेतकऱ्यांना कर्ज देणारी सहकारी बँक आहे, आणि तिच्या समोर वडाखाली मार्गय्या पत्र्याची पेटी घेऊन बसतो. पेटीत दौत, टाक, एक वही आणि बँकेचेच कर्जाचे फॉर्म. बँक शेतकऱ्यांसाठी काढलेली, पण शेतकऱ्याला बँकेत जायला हा वडाखालचा माणूस लागतो. बँकेच्या दारातलं हे चित्र आपल्याकडं ज्यानं बघितलं नाही असा माणूस शोधून काढावा लागेल. फक्त आता पेटीच्या जागी लॅपटॉप आलाय आणि कर्जाच्या जोडीला पीकविमा. पुढं हाच मार्गय्या वीस टक्के व्याज कबूल करून लोकांच्या ठेवी घ्यायला लागतो, घरात नोटांच्या राशी लागतात, आणि एक दिवस अफवा उठते आणि सगळं गाव ठेवी मागायला दारात उभं राहतं. गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यांत मल्टिस्टेट पतसंस्थांच्या दारात ज्यांनी रांगा लावल्या त्यांना ही कादंबरी वाचताना घाम फुटेल. नारायण यांचं वैशिष्ट्य असं की, त्यांना मार्गय्याचा राग येत नाही. त्याची हाव, मुलावरची माया, बँकेच्या शिपायानं केलेला अपमान, सगळं एकाच हलक्या हातानं येतं. ठेवीदारांबद्दलही खोटा कळवळा नाही. वीस टक्क्यांची हाव त्यांनाही होतीच. नारायण यांच्याकडून आवाज न चढवणं शिका. मात्र त्यांच्याकडं सत्ता फारशी येत नाही, जात जवळजवळ येतच नाही, म्हणून एकट्या नारायणवर मराठवाडा उभा राहणार नाही.

किंग्जली एमिस यांची ‘लकी जिम’ (१९५४) प्राध्यापक मंडळींना फार आवडते, कारण त्यात प्राध्यापकांची खोड मोडलीय. जिम डिक्सन हा इंग्लंडातल्या एका आडगावच्या विद्यापीठात इतिहासाचा कच्चा, म्हणजे प्रोबेशनवरचा अधिव्याख्याता. नोकरी टिकवायला त्यानं १४५० ते १४८५ या काळातल्या जहाजबांधणीच्या तंत्राचे आर्थिक परिणाम असल्या विषयावर लेख लिहिलाय, आणि तो निरर्थक आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. शेवटी एक संपादक तो लेख ढापून इटालियनमध्ये स्वतःच्या नावावर छापतो. आमच्याकडं पदोन्नतीच्या गुणांसाठी पैसे भरून जे ‘आंतरराष्ट्रीय’ शोधनिबंध छापून आणले गेले, ते पाहिल्यावर एमिस फार सौम्य वाटतात. जिम वरिष्ठांसमोर गोड बोलतो आणि वळून एकटाच तोंडं वेडीवाकडी करतो. ही युक्ती तुमच्या निवेदकाला लागू पडेल. पण शेवट घेऊ नका. जिमला एका श्रीमंत गृहस्थाच्या कृपेनं लंडनला नोकरी लागते, आवडती मुलगी मिळते, आणि विद्यापीठ होतं तिथंच राहतं. वाचक खूश होऊन पुस्तक मिटतो. रंगनाथच्या नशिबी ही सोय नाही, आणि म्हणूनच शुक्ल मला एमिसपेक्षा मोठे वाटतात.

ऑर्वेलची ‘ॲनिमल फार्म’ (१९४५) तुम्ही वाचलीच असणार, त्यामुळं एकच सांगतो. भिंतीवरचे नियम रातोरात कसे बदलतात ते पुन्हा बघा. कुठल्याही प्राण्यानं बिछान्यात झोपू नये, असा नियम असतो. डुकरं बिछान्यात झोपायला लागल्यावर त्याच्यापुढं ‘चादर घालून’ एवढंच वाढलेलं आढळतं. घोडीला आठवतं की हे आधी नव्हतं. पण भिंतीवर आहे, म्हणजे असणारच. तुमच्या संस्थेच्या घटनेत आजीव सभासदत्वाचं कलम कधी, कुणासाठी, किती शब्दांनी बदललं, हे शोधून त्यावर एक प्रकरण लिहा. बाकी प्रत्येक डुकरामागं खरा पुढारी कोण हे ओळखायचा खेळ वाचकांना खेळू द्या, तुम्ही खेळू नका. ते पुस्तक टिकलं याचं कारण त्यातलं शेत खरं आहे: दूध, सफरचंदं, वादळात पडलेली पवनचक्की. रूपकाच्या आधी शेत उभं राहिलंय.

मराठीत कादंबरीच्या लांबीचा सामाजिक उपहास कमीच आहे. माझ्या मते आपली ही शक्ती कथेत आणि वगात खर्ची पडली. ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ला रंगमंचावर आलं आणि राजाच्या नावाखाली मंत्र्यांना लोक पोटभर हसले. वगाला टाळी लगेच मिळते. ग्रामीण विनोदी कथेचंही तसंच, शेवटची ओळ पडली की काम संपलं. कादंबरीला असं करता येत नाही. तुमच्या प्रकरणांचा घोटाळा नेमका हाच आहे: प्रत्येक प्रकरण शेवटच्या वाक्यात टाळी मागतं. तिसऱ्या टाळीनंतर वाचक दमतो. अर्ध्या प्रकरणांची शेवटची दोन वाक्यं काढून टाका आणि मग वाचून बघा.

या काळातली मराठी कादंबरी कुठली, तर भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’च. १९६३. तिला उपहासाची कादंबरी म्हणणं अपुरं आहे, पण कॉलेज, वसतिगृह, मेस, स्नेहसंमेलन, थोरामोठ्यांची भाषणं या सगळ्याची जी वासलात पांडुरंग सांगवीकर लावतो तशी मराठीत तोवर कुणी लावली नव्हती. त्याचं ते ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ पुढं पिढीच्या तोंडी बसलं. पण मी तुम्हाला ती वाचायला सांगतोय ती मनीसाठी. पांडुरंगची धाकटी बहीण देवीनं जाते, आणि तोवर ज्या आवाजानं आपल्याला हसवलं त्याच आवाजाला आता हसता येत नाही. उपहासाच्या मोठ्या कादंबरीत ही जागा बहुधा असते. ऑर्वेलकडं बॉक्सर घोड्याला खाटकाची गाडी घेऊन जाते ती. ही जागा नसली तर हसण्याला काठ राहत नाही. तुमच्याकडं ती मला दिसते: दुसऱ्या प्रकरणात ज्या बिनपगारी शिक्षकाचा तुम्ही दोन ओळींत उल्लेख केलाय, जो शाळा सुटल्यावर आडतीवर हमाली करतो. त्याच्यावर विनोद करू नका. त्याला थोडा वेळ द्या.

आता मराठवाड्याचं. ‘झालंच नाही’ हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. परभणीच्या बी. रघुनाथांनी निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करता करता कविता, कथा आणि कादंबऱ्या लिहिल्या. १९५३ला वयाच्या चाळिशीत ते गेले. ‘म्हणे लढाई संपली’, ‘जगाला कळले पाहिजे’ ही शीर्षकं बघा, चिमटा तिथूनच सुरू होतो. आपल्याकडं दर ७ सप्टेंबरला त्यांच्या नावाचे कार्यक्रम होतात. पुस्तकं वाचणारे मात्र त्यामानानं थोडे.

पण लेखन कमी झालं हे खरं, आणि त्याची कारणं आहेत. सप्टेंबर १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरी उर्दूत, उच्च शिक्षण उस्मानियात तेही उर्दूत, प्रकाशक पुण्या-मुंबईला. विद्यापीठ आलं १९५८ला. हे सगळे सांगतात. मला त्याहून मोठं वाटणारं कारण वेगळं आहे. आपल्याकडं शिक्षण संस्था निघाल्या त्याच मुळी लढा म्हणून. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी, तिथं स्वामी रामानंद तीर्थांसारखी माणसं शिकवत होती. मुक्तीनंतर १९५०ला डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, ते ज्यांच्या सात पिढ्यांना पाटीला हात लावू दिला नव्हता त्यांच्यासाठी. ज्या पिढीनं संस्था अशी उभी राहताना बघितली, तिला संस्थेची टिंगल सुचणार कशी? उत्तर प्रदेशात १९६८ला ज्या कॉलेजची खिल्ली उडवता आली, तसलं कॉलेज आपल्याकडं पिकायला आणखी वीसेक वर्षं लागली. तेव्हा तुम्हाला उशीर झालेला नाही.

आणि परंपरा नाही म्हणता, तर पैठणचे एकनाथ कुठं गेले? ‘सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला’ म्हणणारी ती बाई सासरा, सासू, नणंद एकेकाला खपवायला देवीला नवस बोलते, आणि शेवटी ‘एकटीच राहू दे मला’ म्हणते. नाथांनी तिला एका शब्दानं बोल लावलेला नाही. तिच्याच तोंडून तिची हाव वदवलीय, आणि मग त्याच हावेचा अर्थ परमार्थाकडं वळवलाय. वैद्यजींचं अपहाराचं भाषण याच घराण्यातलं. फरक एवढाच की भारुडाला शेवटी वर निघायची वाट आहे, आणि १९५०नंतरच्या कादंबरीनं ती वाट बंद केली.

एक धोका मात्र गांभीर्यानं सांगतो. ‘राग दरबारी’ कितीही थोर असली तरी तिच्यात बायका जवळजवळ नाहीत, आणि खालच्या जातींकडं ती वरूनच बघते. वैद्यजींच्या घरचा भांग घोटणारा गडी सनीचर, त्याला ते पंचायतीचा प्रधान करून टाकतात. त्या काळी लोक सनीचरला हसले. आज वाचताना हसू अडकतं, कारण बाहुली नाचतेय आणि आपण बाहुलीला हसतोय, हात दिसतोय तरी. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात महिला सरपंच आहे आणि तिच्या वतीनं सगळीकडं सही ठोकत फिरणारा नवरा आहे. तिथं तुम्ही तिच्या बोलण्याची, तिच्या शुद्ध-अशुद्धाची नक्कल केलीय. ती काढा. हसायचं तर त्या नवऱ्याला, आणि त्यालाच ‘सरपंच साहेब’ म्हणून खुर्ची देणाऱ्या ग्रामसेवकाला हसा. ज्या भागात विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावावरून १९७८ला घरं जळाली आणि नामांतर व्हायला १९९४ उजाडलं, तिथं खाली वाहणारं हसू कुणी विसरत नाही. तुमची जात कुठली हे मला ठाऊक नाही, पण तुमच्या निवेदकाची जात कादंबरीत आली पाहिजे. तो न सांगता राहतोय, हेच वाचकाला सांगून जातं.

राहिला शेवटचा प्रश्न, लोक ओळखतील त्याचा. ओळखणारच. नाव बदलून, मिशी काढून, गाडीचा रंग बदलून काही होत नाही. चार अध्यक्षांचा मिळून एक करा, आणि जो प्रसंग एकाच माणसाच्या बाबतीत घडला म्हणून पंचक्रोशीला ठाऊक आहे तो सोडून द्या. कायद्याच्या दृष्टीनंही ते बरं, आणि सहसा असा प्रसंग कादंबरीत जमतही नाही. पण एवढी काळजी करू नका. उपहास नीट उतरला असेल तर तुमचे अध्यक्ष पुस्तक चाळतील आणि सगळ्यांना सांगतील की, हे शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेवर लिहिलंय, आणि अगदी बरोबर लिहिलंय. मग तुम्हाला बोलावून घेतील, शाल देतील आणि प्रकाशन संस्थेच्याच सभागृहात, आपल्याच हस्ते व्हावं असं सुचवतील. तो प्रसंग शेवटच्या प्रकरणात आत्ताच लिहून ठेवा. नंतर लिहिलात तर लोक म्हणतील, बघून लिहिला.